न टोचलेली सुई

मित्रांनो, सुई म्हटलं की तुम्ही डोळे मिटून घेता, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझी गोष्ट कुणी शेवटपर्यंत ऐकेल, याची मला फारशी खात्री नाही. त्यातून मी शाळेत दंडावर टोचतात तसली छोटी सुई नव्हे. मी तुमच्या मधल्या बोटापेक्षा लांब, चांगल्या पोलादाची, आतून पोकळ अशी जुनी सुई आहे. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. कधी कधी आजारपणात त्या पिशवीत पाणी साचतं आणि हृदय त्या पाण्यात घुसमटू लागतं. ते पाणी ओढून काढायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं गेलं.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येणार नाही. पोलादाची नळी ओढून ओढून बारीक करताना फार उष्णता होती, एवढंच अंधुक आठवतं. नंतर मखमलीच्या एका पेटीत बसून मी मुंबईहून सांगलीला आले. विश्रामबागेकडे एक लहानसं धर्मादाय रुग्णालय होतं. तिथले मोठे डॉक्टर, लालासाहेब मोहिते, यांनी मला पेटीतून उचललं, उजेडात धरलं, माझ्या पोकळीतून एका डोळ्याने पाहिलं आणि "सरळ आहे," एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मला ते पुष्कळ दिवस पुरतं.

माझी पेटी डॉक्टरांच्या पुस्तकांच्या कपाटात असे. मोकळ्या वेळात डॉक्टर ती जाडजूड पुस्तकं मोठ्याने वाचत. ऐकून ऐकून मलाही थोडंफार कळू लागलं. खरं तर किती कळलं आणि किती कळल्यासारखं वाटलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

माझी देखभाल जरिनासिस्टर करत. त्या मला उकळत्या पाण्यात ठेवत, तेल लावलेल्या दगडावर माझं टोक घासत आणि मग कापसाच्या पेळूवरून अलगद ओढून बघत. एखादा तंतू अडकला, तर टोक अजून खडबडीत आहे असं समजायचं आणि पुन्हा घासायचं. "माणसाच्या काळजाशी जायचंय बाई तुला," असं त्या पुटपुटत. शेवटी माझ्या पोकळीत बारीक तार सरकवून मला पेटीत निजवत.

आणि मी काम केलं, मित्रांनो. आष्ट्याच्या अंबूबाई आल्या, तेव्हा त्यांना आडवं होता येत नव्हतं. लोडाला टेकून, तोंड उघडं टाकून त्या कितीतरी दिवस बसून होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून ठोकून पाण्याची हद्द शोधली, छातीच्या हाडाखाली जांभळ्या औषधाने खूण केली आणि मला आत घातलं. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी येऊ लागलं. थोड्या वेळाने अंबूबाईंनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आता कसं मोकळं वाटतंय गं बाय." त्या वर्षापासून गुऱ्हाळ सुरू झालं की त्यांच्या घरून गुळाची एक ढेप रुग्णालयात यायची. आणणारा गडी सांगायचा, ही सुईच्या नावाची. गूळ अर्थातच इतरांनी खाल्ला. पण नाव माझं होतं.

असं सगळं छान चाललं होतं. मग एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली ती आली.

जैनुद्दीनशेठ म्हणून हळदीचे एक व्यापारी होते. त्यांचा भाऊ हृदयविकाराने गेला होता. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी रुग्णालयाला परदेशातून एक यंत्र आणून दिलं. अल्ट्रासाउंडचं यंत्र, हीच ती. तेवढ्या भागात तसलं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. ते चालवायला धाकटे डॉक्टर आले, सयाजी सावंत. मूळचे जत तालुक्यातले, मुंबईला हे नवं शास्त्र शिकून आलेले.

धाकटे डॉक्टर सर्वांना समजावून सांगत. अजिंक्यताऱ्याच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली, की ती परत ऐकू येते. हे यंत्र तसंच छातीत हाक मारतं. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. हृदयाच्या भिंतींवर आपटून तो परत येतो आणि त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. टोचायचं नाही, कापायचं नाही.

टोचायचं नाही! हे ते दर वेळी सांगत आणि दर वेळी ते माझ्या पेटीपर्यंत ऐकू येई.

मित्रांनो, हेवा म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला स्वतंत्र खोली मिळाली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतला पंखा काढून तिच्या खोलीत लावला. जरिनासिस्टरनी घरून फुलाफुलांचं कापड आणून तिच्यासाठी झाकण शिवलं. माझ्या पेटीची मखमल विरून वर्षं झाली होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक तिच्या दाराशी चपला काढत. अंबूबाई एकदा तपासायला आल्या आणि तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. अंबूबाई! ज्यांच्या छातीतलं पाणी मी काढलं होतं! त्या साली गुळाची ढेप आली, तेव्हा गडी म्हणाला, ही दवाखान्याला. सुईचं नाव त्याने घेतलं नाही. कदाचित विसरला असेल. मी ते विसरू शकले नाही.

मी मनाची समजूत घालायचे. ती नुसतं बघते, काम मी करते. बघणाऱ्याला काय लागतं? पुन्हा वाटायचं, मी तरी काय करते? दुसऱ्याच्या हाताने जाते, दुसऱ्याच्या हाताने येते.

अशातच सिद्धू आला.

सिद्धू साताऱ्याजवळच्या एका गावचा. घरटी एक तरी माणूस फौजेत, असं ते गाव. त्याचे वडील हरिबा फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, थोरला भाऊ फौजेत. सिद्धू तालमीत घुमलेला, धिप्पाड पोरगा. भरतीसाठी पळण्यात पहिला आला. छाती मोजली, तीही भरली. मग एक्स-रे काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला बाजूला उभं केलं. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली माठासारखी गोल आणि मोठी दिसत होती. सगळ्यांचं म्हणणं पडलं, हृदयाभोवती पाणी झालं आहे, बहुधा क्षयाचं. साताऱ्यात त्याला क्षयाची इंजेक्शनं सुरू झाली. ती घेऊन घेऊन पोराच्या कमरेला गाठी आल्या, पण सावली रेघभरही कमी झाली नाही. तेव्हा पाणी काढायला त्याला आमच्याकडे पाठवलं.

हरिबांची फौजेतली सवय गेली नव्हती. मोठ्या डॉक्टरांसमोर ते ताठ उभे राहत. म्हणाले, "डाक्टरसाब, पानी काढून टाका आन पोराला मोकळा करा. पुढची भरती जवळ आलीया." सिद्धूने मात्र वडील बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "लय दुकतंय का वो?" मग आपणच म्हणाला, "दुकू द्या. थोरला सुट्टीवर आला की वर्दी घालून पारावर बसतोय. मी बगत बसतोय. ते ह्याच्यापेक्षा जास्ती दुकतंय."

मला तो पोरगा त्या क्षणी आपला वाटला.

मोठ्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली. हद्द पुष्कळ लांबवर गेलेली होती. एक्स-रे उजेडावर धरला. माठ तसाच. त्यांनी जरिनासिस्टरना सांगितलं, "उद्या सकाळी. लांब सुई काढून ठेवा."

किती दिवसांनी माझं नाव कुणी घेतलं होतं! सिस्टरनी मला घासलं, कापसावरून ओढलं. एकही तंतू अडकला नाही. सकाळी मी पांढऱ्या फडक्यावर चकचकत पडून होते. माझ्या शेजारी हाताच्या शिरेत टोचायची एक धाकटी सुई ठेवलेली होती, लागलीच तर असावी म्हणून. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

सिद्धूला उशा लावून बसवलं होतं. छातीच्या हाडाखाली जांभळी खूण झाली होती. इतक्यात धाकटे डॉक्टर दारात आले आणि चाचरत म्हणाले, "सर, टोचायच्या आधी एकदा यंत्रावर बघू का? यंत्र इथंच ढकलत आणतो."

मोठे डॉक्टर जरा हसले. "पाणी आहे हे माझ्या बोटांना कळलंय, सयाजी. पण बघा. शेठनी एवढं दिलंय, तर वापरलं पाहिजे."

अशी ती माझ्या खोलीत आली. फुलाफुलांचं झाकण बाजूला झालं. तिच्याबरोबर आलेला चिकट मलम संपला होता, म्हणून स्वयंपाकघरातून गोडेतेल आणून सिद्धूच्या छातीला लावलं. हरिबा म्हणाले, तालमीत बी हेच लावतोय. सिद्धू हसला. पडद्यावर करडी, थरथरती रेघोटी उमटली. तिच्या उजव्या अंगाला एक मोठा, काळाकुट्ट डाग होता.

"काळं म्हणजे काय?" हरिबांनी विचारलं.

"पाणी काळं दिसतं," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"झालं तर," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. सिस्टरनी मला त्यांच्या हातात दिलं.

मित्रांनो, तो माझा सगळ्यात सुखाचा क्षण होता. परदेशातून आलेली, पंख्याखाली बसणारी ती! शेवटी तिनेही तेच सांगितलं, जे डॉक्टरांच्या बोटांनी आधीच सांगितलं होतं. आणि एवढं सगळं बघून झाल्यावर पुढचं काम? ते माझंच होतं.

"सर, थांबा," धाकटे डॉक्टर म्हणाले.

ते पडद्याला नाक लावून बघत होते. काळ्या डागाच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ हलत होती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती उघडत होती आणि मिटत होती.

"ही झडप आहे," ते म्हणाले. "बाहेर साचलेल्या पाण्याला दार कशाला असेल, सर?"

 मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "रक्तही काळंच दिसतं ना यात?" त्यांनी विचारलं.

"हो सर. रक्त आणि पाणी, दोन्ही काळं."

"म्हणजे हे पाणीही असेल, नाहीतर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

हरिबा कासावीस झाले. "काय ते सरळ सांगा की सायेब. पानी हाय का न्हाई?"

धाकटे डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "हरिबा, आमच्याकडं जतला पाण्याची मारामार. ओढ्याकाठी एखादी विहीर असली, की तिच्यात पाणी ओढ्याचं येतं का नुसतं साचलेलं हाय, ते बघायचं असतं. आमचे आजोबा काय करायचे, तर वर ओढ्यात जोंधळ्याचा कोंडा सोडायचे आणि विहिरीच्या काठावर बसून राहायचे. विहिरीत कोंडा दिसला, की समजायचं, पाणी वाहतं हाय. नाही दिसला तर साचलेलं."

"मग हितं कोंडा कुठला?"

"बुडबुड्यांचा," धाकटे डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सलाईनचं पाणी सिरिंजमध्ये भरून जोरजोरात हलवलं. त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक बुडबुडे झाले. हाताच्या शिरेतून ते पाणी गेलं, की रक्ताबरोबर थेट हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचतं. तो काळा डाग म्हणजे हृदयाबाहेरचं पाणी असेल, तर तो काळाच राहणार. पण तो हृदयाचाच कप्पा असेल, तर बुडबुडे त्यात चमकणार.

आणि त्यासाठी सुई हवी होती. सिस्टरनी फडक्यावरून धाकटीला उचललं.

धाकटीला! यंत्राचा हेवा मी कसाबसा गिळत होते, पण ही तर माझ्याच ताटलीतली, माझ्याबरोबर उकळलेली. ती शिरेत गेली आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या हातात तशीच अधांतरी. मी मनात म्हटलं, काळाच राहू दे. डाग काळाच राहू दे. त्याचा अर्थ काय होईल, याचा विचार मी केला नाही. मला फक्त जायचं होतं.

सगळे पडद्याकडे बघत होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डागाच्या वरच्या कोपऱ्यातून एक ठिणगी आत आली. मग दुसरी. मग एकदम पुष्कळ, पाखडताना कोंडा उडावा तशी. मोठ्या तळ्यात पाणी फिरतं, तशा त्या ठिणग्या त्या काळ्या जागेत संथ गोल फिरू लागल्या.

"आला की कोंडा," हरिबा हळूच म्हणाले.

ते पाणी नव्हतंच. सिद्धूच्या हृदयाचा उजवा वरचा कप्पाच फुगून कितीतरी पट मोठा झालेला होता. असं फार क्वचित होतं. मोठ्या डॉक्टरांनी पुस्तकात वाचलेलं होतं, मीही कपाटातून ऐकलेलं होतं. पण आम्हा दोघांनाही ते आठवलं नव्हतं. फुगलेल्या फुग्याचं रबर पातळ होतं, तशी त्या कप्प्याची भिंत ताणून पातळ झालेली. आणि जांभळी खूण नेमकी त्या भिंतीच्या समोर होती.

मोठे डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांनी माझ्या टोकाकडे पाहिलं, मग त्या खुणेकडे पाहिलं. कापसाने घासून त्यांनी ती खूण पुसून टाकली. 

"सिस्टर, सुई ठेवा," ते म्हणाले. मग धाकट्या डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सयाजी, आज तुम्ही पोरगा वाचवलात." आणि यंत्राच्या कडेवर त्यांनी हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मला तारेसकट पेटीत ठेवलं गेलं. पेटी बंद झाली. मी पोलाद आहे म्हणून बरं, नाहीतर रडले असते. पोरगा वाचला याचा आनंद मला तेव्हा झाला नाही, मित्रांनो. मला एवढंच दिसत होतं, की तिला शाबासकी मिळाली, धाकटीला काम मिळालं आणि मला कोरडीच परत ठेवली. नंतर हळूहळू, अंधारात पडल्या पडल्या, मला ती पातळ भिंत दिसू लागली. माझं टोक किती धारदार होतं, ते मला ठाऊक होतं. कापसाचा एक तंतू अडकला नव्हता.

बाहेर हरिबा विचारत होते, "मग भरतीचं?" धाकट्या डॉक्टरांनी त्यांना खाली बसवून सांगितलं. सिद्धू जगेल. छाती धडधडली तर गोळ्या घ्यायच्या, दर वर्षी येऊन यंत्रावर दाखवायचं. पण तालीम बंद, ओझं बंद आणि फौज नाही.  मग नाईक हरिबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "जित्ता हाय न्हवं. बास."

सिद्धू छातीवरचं गोडेतेल पुसत राहिला.

पुढल्या वर्षी खंडेनवमीला रुग्णालयात सगळी हत्यारं पुजायला मांडली होती. यंत्राला झेंडूचा एवढा मोठा हार घातला होता, की पडदा झाकून गेला. चिमटे, कात्र्या, सिरिंजा, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. माझी पेटी कपाटातच राहिली होती. मी पुस्तकांआडून घंटेचा आवाज ऐकत होते आणि नेहमीचंच दुःख उगाळत होते.

त्याच दिवशी सिद्धू तपासायला आला. आता तो गावच्या दूध संस्थेत दूध मोजायला बसत होता. थोडा बारीक झाला होता. त्याने यंत्राला हात जोडले, धाकट्या डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. मग जरिनासिस्टरना म्हणाला, "सिस्टर, ती लांब सुई हाय का वो अजून? जी मला टोचायची ऱ्हायली, ती."

सिस्टरना आश्चर्य वाटलं. त्यांनी पेटी काढली, धूळ फुंकली आणि उघडली. किती दिवसांनी उजेड आला.

सिद्धूने मला बोट लावलं नाही. नुसता वाकून बघत राहिला. "लय लांब हाय की," तो म्हणाला. मग इतका हळू बोलला, की सिस्टरनाही ऐकू गेलं नसेल. "तू बी माझ्यासारखीच. सगळी तयारी झाली हुती, आन बोलावलं न्हाई."

तबकातलं कुंकू त्याने चिमटीत घेतलं आणि माझ्या मुठीला लावलं, टोकाला नाही. मग म्हणाला, "आपून दोगं गेलो न्हाई म्हनून मी हितं हुबा हाय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला दोनदाच मान मिळाला. एकदा अंबूबाईंच्या गुळाचा, मी केलेल्या कामाबद्दल. एकदा हा, मी न केलेल्या कामाबद्दल. दुसरा मोठा, असं मला वाटतं. पण माझं वाटणं चुकलंही असेल.

त्यानंतर मी पुन्हा काम केलं. कुणाच्या छातीत खरंच पाणी झालं, की आधी ती बघायची, जागा दाखवायची आणि मग मी जायचे.  तिचा हेवा माझ्या मनातून पुरता गेला, असं मी म्हणणार नाही. तिच्या खोलीत पंखा फिरत असतो आणि माझ्या पेटीची मखमल अजूनही विरलेलीच आहे. पण ती बघत असताना मी आता उतावीळ होत नाही.

तुमच्या घरातही एखादी धारदार वस्तू असेल, एखादा विळा, एखादा वस्तरा, कदाचित एखादा धारदार शब्दसुद्धा. तो गंजू देऊ नका, त्याला थेंबभर तेल लावा, वेळेवर त्याची धार बघा. पण उचलण्याआधी जरा थांबून नीट पाहा. आणि पाहून झाल्यावर तो परत ठेवावा लागला, तर त्याला नुसता कपाटात टाकून देऊ नका. एखादे दिवशी पेटी उघडा, धूळ फुंका आणि त्याच्याशी दोन शब्द बोला. तयार राहूनही ज्याला बोलावणं आलं नाही, त्याला तेवढंच पुरतं. मला पुरलं.